गीतोक्त ध्यानयोग आणि हातातील यंत्र

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यानयोगाचे सांगोपांग निरूपण केल्यावर अर्जुनाने जी शंका काढली, ती आजही प्रत्येक साधकाच्या मनात उभी असते. आपले मन इतके चंचल आहे की त्यावर हा योग टिकेल असे आपल्याला वाटत नाही. वारा मुठीत धरता येईल तर मन धरता येईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ही शंका काढणारा पुरुष कोण, हे लक्षात घेण्यासारखे आहे. द्रोणाचार्यांनी झाडावरील पक्ष्यावर नेम धरावयास सांगितले तेव्हा ज्याला पक्ष्याच्या मस्तकाखेरीज दुसरे काहीही दिसले नाही, तो हा अर्जुन. निद्रेवर जय मिळविल्यामुळे ज्याला गुडाकेश म्हणतात, तो हा अर्जुन. अशा पुरुषाने मनापुढे हात टेकावेत, यावरून बाणाची एकाग्रता वेगळी आणि चित्ताचे स्थैर्य वेगळे, हे उघड होते.

कुरुक्षेत्रावर कोणाच्या हाती मोबाइल नव्हता. म्हणून आज जो गृहस्थ म्हणतो की, ‘या फोनमुळे माझे ध्यान लागत नाही’, त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मनाचे चांचल्य यंत्राने निर्माण केलेले नाही. परंतु याच आधारावर दुसरा एक पक्ष असे म्हणतो की, मन पूर्वीही चंचल होते, आजही आहे, त्यात यंत्राचा काय दोष? हे म्हणणे मात्र निव्वळ आळसाचे आहे. अग्नी पूर्वीपासून घरात आहे, म्हणून त्यावर तूप ओतणाऱ्याकडे पाहावयाचेच नाही, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तेव्हा जुने काय आहे व नवे काय आले आहे, याचा आधी नीट विवेक केला पाहिजे.

पूर्वी विषयांना स्थळ होते आणि काळही होता. बाजार दिवेलागणीनंतर उठे. नाटकाचा पडदा पडे. वर्तमानपत्र कितीही आवडीने वाचले तरी शेवटच्या पानावर संपे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षे तिचे कार्यक्रम ठरावीक वेळेपुरतेच असत. ते आटोपले की पडदा कोरा होई. विषय जेथे संपतो तेथे मन क्षणभर मोकळे होते. ‘आता पुढे काय?’ असा प्रश्न त्याला पडतो, आणि त्या लहानशा फटीतून विवेकाला आत येण्यास वाव मिळतो. माणूस उठतो, पाणी पितो, घड्याळाकडे पाहतो, झोपावयास जातो. २००६ साली आझा रास्किन नावाच्या एका संगणक-रचनाकाराने असे पान योजले की, वाचणारा तळाशी पोचण्यापूर्वीच पुढील मजकूर आपोआप येऊन जोडला जावा. बोट वर सरकवीत राहावे, पान कधीच संपू नये. पुढे त्यानेच आपल्या या कल्पनेबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पण ती कल्पना आता प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसली आहे, आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आपल्या देशात खेडोपाडी पोचल्यापासून ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत घरोघर नांदते आहे. विवेक ज्या फटीतून आत येत असे, ती फट बुजविली गेली आहे, एवढाच याचा अर्थ. पण तो अर्थ लहान नाही.

आता गीतेकडे वळू. दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या श्लोकापासून मनुष्याच्या अधःपाताची जी परंपरा सांगितली आहे, ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिची पहिली पायरी कोणती, इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ती पायरी काम नव्हे, क्रोधही नव्हे. ती पायरी ‘ध्यान’ ही आहे. ज्या ‘ध्यै’ धातूपासून ध्यान हा शब्द सिद्ध होतो, त्याच धातूचे रूप भगवंतांनी तेथे विषयांविषयी वापरले आहे. आणि बाराव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात अनन्यभावाने ईश्वराची उपासना करणाऱ्या भक्तांचे वर्णन करतानाही पुन्हा त्याच धातूचे रूप योजले आहे. क्रिया एकच; पण तेथे तिचा शेवट विनाशात होतो, येथे मृत्युरूप संसारसागरातून उद्धार होतो. भेद आहे तो केवळ ध्येयवस्तूचा.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे ‘मला ध्यान जमत नाही’ या तक्रारीचे स्वरूपच पालटून जाते. रात्री जेवणे आटोपल्यावर आपल्याच घरातील एखाद्या माणसाला फोन घेऊन बसलेला पाहा. त्याचे आसन हलत नाही. दृष्टी एका जागी खिळलेली असते. बाहेरून कोणी हाक मारली तर ती त्याला ऐकू येत नाही; ऐकू आली तरी ‘हो, हो’ एवढेच उत्तर येते. मान दुखते, डोळे जळजळतात, तरी देहाचे भान नसते. तासाचे दोन तास होतात आणि त्याला वाटते की पाचदहा मिनिटेच झाली. योगशास्त्रात साधकाची जी बाह्य लक्षणे सांगितली आहेत, त्यांपैकी किती येथे उणी आहेत, ते वाचकांनीच मोजावे. या माणसाला ध्यान येत नाही असे कोण म्हणेल? ते त्याला उत्तम येते, आणि त्याचा अभ्यास तो नित्य, न चुकता, रोज कित्येक तास करतो आहे. असा मनुष्य सकाळी वीस मिनिटे डोळे मिटून बसतो आणि ध्यान लागत नाही म्हणून खिन्न होतो. वास्तविक त्याचे एक ध्यान दुसऱ्या ध्यानाशी झगडत असते, आणि ज्याचा अभ्यास अधिक त्याची सरशी होते. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही, आणि निराश होण्यासारखे तर मुळीच नाही. जी शक्ती नाहीच असे वाटत होते, ती आपल्याजवळ भरपूर आहे. ती गहाण पडली आहे, इतकेच.

भगवंतांनी सांगितलेली ती परंपरा आजच्या घरात कशी उतरते, तेही पाहण्यासारखे आहे. एखादा गृहस्थ विजेचे बिल भरण्यासाठी फोन हाती घेतो. पडद्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात आलेला संदेश दिसतो. चुलतभावाने नव्या घराच्या वास्तुशांतीची छायाचित्रे पाठविलेली असतात. गृहस्थ ती पाहतो; एकदा, दोनदा, मोठी करून. हे विषयाचे ध्यान. पाहता पाहता त्या घराशी त्याचे मन जडते, हा संग. असे घर आपलेही असावे, ही इच्छा उठते, हा काम. मग आठवते की वडिलार्जित जमिनीच्या वाटणीत आपल्याला कमी मिळाले होते, आणि म्हणूनच त्याला हे जमले, हा क्रोध. त्या क्रोधात तो गटावर दोन शब्द असे लिहून बसतो की, जे समोरासमोर त्याने जन्मात उच्चारले नसते. हा संमोह. आणि शेवटी फोन खाली ठेवताना बिल भरावयाचे राहूनच गेले आहे, हेही त्याला आठवत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. स्मृतिभ्रंश म्हणजे बिल विसरणे असे कोणी समजू नये. भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी या ठिकाणी स्मृतीचा अर्थ शास्त्राच्या व आचार्यांच्या उपदेशाने चित्तावर उमटलेल्या संस्कारांतून येणारी आठवण असा केला आहे. आपण कोण, आपला धर्म कोणता, भाऊ म्हणजे कोण, ही ती आठवण होय. बिल उद्या भरता येईल. ते दोन शब्द मात्र परत घेता येत नाहीत. दोन घरांमधील येणेजाणे अशा एका संध्याकाळी बंद पडते आणि मुलांच्या लग्नापर्यंत बंद राहते, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे. तेव्हा या विषयाला ‘मनोरंजनाचा अतिरेक’ असे सौम्य नाव देऊन मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही.

विषयांच्या ठिकाणी ओढ असते, हे जुनेच आहे. इंद्रिये बहिर्मुख घडविलेली आहेत, असे कठोपनिषदाने सांगितले आहे. नवे आहे ते असे की, ती ओढ आता मोजून, तपासून वाढविता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. चोच मारली की दाणा पडेल अशी पेटी त्यांनी केली होती. काही वेळा दाणा ठरावीक चोचींनंतर पडे, तर काही वेळा त्याचा नेमच नसे. कधी दोन चोचींत पडे, कधी पन्नास मारूनही पडत नसे. दाणा अनियमितपणे पडू लागला की कबुतर अधिक नेटाने चोच मारीत राही, आणि दाणे अजिबात बंद केले तरी त्याचा प्रयत्न लवकर थांबत नसे. फोन पुनःपुन्हा उघडून पाहणाऱ्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. दर वेळी काही नवे असतेच असे नाही. कधी तरी असते, म्हणूनच हात जातो. शिवाय आपण कोणत्या चित्रावर किती क्षण थांबलो, काय पाहून पुढे गेलो, याची नोंद यंत्रामागील मोठमोठी संगणकगृहे ठेवतात आणि त्याप्रमाणे पुढचे चित्र निवडतात. जीव विषयाचे ध्यान करतो, हे शास्त्रांनी सांगितलेच होते. विषयानेच जीवाचे ध्यान करावे, हा प्रकार मात्र या युगात प्रथमच घडतो आहे.

मग गृहस्थाने काय करावे? फोन टाकून द्यावा, असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो उपदेश गीतेचा नव्हे. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, मुलांच्या शाळेच्या सूचना, परगावी असलेल्या वृद्ध मातापित्यांची ख्यालीखुशाली, हे सर्व आज याच यंत्रातून चालते. ज्याच्यावर संसाराचा भार आहे त्याने ते फेकून देणे म्हणजे आपल्या कर्तव्यातून अंग काढून घेणे होईल. आणि समजा, कोणी फेकलेच, तरी तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी मिथ्याचाराचे जे लक्षण सांगितले आहे ते विसरता येत नाही. हातपाय आवरून बसावे आणि मनाने विषयांचेच स्मरण करीत राहावे, हा तो मिथ्याचार. फोन कपाटात आणि मन फोनमध्ये, असा त्याग काय कामाचा?

सहाव्या अध्यायात साधनेचा जो विधी आहे तो या दृष्टीने पुन्हा वाचावा. भगवान् आधी मनाविषयी बोलत नाहीत. आधी जागेविषयी बोलतात. एकांत असावा, देश शुद्ध असावा, आसन फार उंच नसावे, फार सखलही नसावे, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र असावे. ज्ञानेश्वर महाराजांनी तर या एका स्थळाच्या वर्णनात जीव ओतला आहे. ती जागा पाहताच विलासी मनुष्यालाही राज्य सोडून येथेच बसून राहावे असे वाटेल, अशा आशयाचे ते बोलतात. मुंबईतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात किंवा दिल्लीतील एखाद्या सदनिकेत असे स्थळ कोठून आणावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आजच्या काळी ज्या जागी फोन नाही, ती जागा निम्मी अधिक शुद्ध झालीच. देवघराचा कोपरा असो वा स्वयंपाकघरातील पाट असो, त्या चार हातांच्या परिसरात यंत्र येणार नाही असा नेम घरातील सर्वांनी मिळून करावा.

पुष्कळ साधक म्हणतात, ‘फोन जवळ असतो, पण त्याचा आवाज बंद करून पालथा ठेवलेला असतो.’ हे पुरेसे नाही. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेस बसलेल्या काही जणांचे फोन समोर टेबलावर, काहींचे खिशात अगर पिशवीत, आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले होते. आवाज सर्वांचे बंद होते. बुद्धीच्या कसोट्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवणारे हे टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही, म्हणून त्यावर फार भार देण्याचे कारण नाही. पण स्वतःच्या मनाकडे पाहिले तर प्रयोगाची गरजही नाही. पालथा पडलेला फोन हा उघड्या फोनपेक्षा कित्येकदा अधिक बोलतो.

जागेप्रमाणेच वेळेचे आहे. पहाटे उठल्याबरोबर आपले तळहात पाहून देवतांचे स्मरण करण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तळहात आजही पाहिला जातो. पण त्यात आता यंत्र असते. जागे होण्यासाठी फोनमधील गजर लावला की, गजर बंद करण्यासाठी तो हाती घ्यावाच लागतो, आणि एकदा हाती आला की रात्रभर साचलेले संदेश वाचल्यावाचून खाली ठेवला जात नाही. मग आसनावर बसणारे मन स्वतःचे राहत नाही. चाळीस जणांनी ते आधीच वापरलेले असते. गजराचे एक साधे घड्याळ विकत आणावे. ते फार महाग नसते. इतकी क्षुल्लक गोष्ट धर्मविषयक मासिकात लिहावी काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु मृगाजिन व वस्त्र यांचा क्रम ज्या ग्रंथाने सांगितला, त्याला घड्याळाचे वावडे असण्याचे कारण नाही.

ध्यान शिकविणारी जी ॲप फोनमध्ये मिळतात, त्यांविषयीही वाचक विचारतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २०२४ साली २१ डिसेंबर हा दिवस जागतिक ध्यान दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. तेव्हापासून या ॲपचा बोलबाला वाढतच आहे. त्यांची सरसकट निंदा मी करणार नाही. २०२० साली मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि मंदिरे व सत्संग बंद पडले, तेव्हा कित्येक वृद्धांनी याच यंत्रातून प्रवचने ऐकली आणि धीर धरला. ज्याला दिसत नाही, ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याला हे साधन मोठेच उपकारक आहे. परंतु कानात चालणारा आवाज ऐकणे हे श्रवण आहे, ध्यान नव्हे. श्रवण उत्तम आहे. पण आवाज थांबल्यानंतर जे सुरू व्हावयास पाहिजे, ते आवाज सतत चालू ठेवून कसे सुरू होईल?

या ॲपमध्ये आणखी एक गोष्ट असते. आपण किती दिवस सलग बसलो, याचा आकडा ती दाखवितात आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. आरंभी याने नियमितपणा येतो, हे खरे. पण काही दिवसांनी मनुष्य बसतो तो आकडा राखण्यासाठी. रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात, कोठेही पाच मिनिटे डोळे मिटून तो आकडा वाचवितो आणि कृतकृत्य होतो. फलावर दृष्टी ठेवून कर्म करू नये, हा उपदेश जेथे सर्वात अधिक लागू पडावा, तेथेच फल मोजण्याचे यंत्र बसविले गेले. पतंजलींनी अभ्यासाच्या दृढतेसाठी दीर्घ काळ, अखंडता आणि आदर अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्या दोन यंत्राला मोजता येतात. तिसरी मोजता येत नाही, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन कोरड्या आहेत.

प्रत्यक्ष बसल्यावर काय होते, त्याचाही विचार केला पाहिजे, कारण बहुतेक साधक येथेच माघार घेतात. पहिले आठदहा दिवस विलक्षण बेचैनी वाटते. दोन मिनिटे झाली नाहीत तोच कोणाला तरी काही कळवावयाचे राहिले आहे असे वाटू लागते. हात आपोआप बाजूला जातो. फोन दुसऱ्या खोलीत असूनही तो वाजल्याचा भास होतो. साधकाला वाटते की ध्यानाने आपले मन अधिकच अस्वस्थ केले. तसे नाही. ही अस्वस्थता आधीपासूनच होती. दिवसभराच्या गडबडीखाली ती झाकलेली होती, ती आता दिसू लागली. तुंबलेली विहीर उपसावयास घेतली म्हणजे पहिले पाणी गढूळच येते.

या वेळी भगवंतांनी सहाव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात दिलेली सूचना फार उपयोगी पडते. मन जेथे जेथे धावेल, तेथून तेथून त्याला परत आणून आत्म्याच्या ठिकाणी स्थिर करावे, असा तिचा अर्थ आहे. मन जाणारच, हे भगवंतांनी गृहीतच धरले आहे. त्याला न जाऊ देणे असा अभ्यास सांगितलेला नाही. परत आणणे हा अभ्यास सांगितला आहे. तेव्हा वीस मिनिटांत मन शंभर वेळा फोनकडे गेले आणि शंभर वेळा परत आणले, तर अभ्यास शंभर वेळा झाला. अमुक संदेश आला असेल काय, ही ऊर्मी उठली की तिच्याशी भांडू नये, तिची आज्ञाही पाळू नये. ती उठली आहे इतके जाणावे आणि नामाकडे वळावे. ऊर्मी उठते, वाढते आणि ओसरते. तिला हाताने उत्तर न देता ती ओसरताना एकदा पाहिली, की पुढच्या वेळी तिचे बळ थोडे कमी भासते. आणि हे सर्व हळूहळू, धीर धरून करावे, असे त्याआधीच्याच श्लोकात सांगून ठेवले आहे.

आसनावरील वीस मिनिटे उरलेल्या दिवसापासून तोडता येत नाहीत. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली व साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांत या अध्यायाचे विवेचन करताना चित्ताच्या एकाग्रतेबरोबरच जीवनातील परिमितता, म्हणजे मोजूनमापून वागणे, ही आवश्यक गोष्ट म्हणून सांगितली आहे. भगवंतांनीही अतिशय खाणाऱ्याला योग नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे म्हटले आहे. आहार म्हणजे केवळ अन्न नव्हे. छांदोग्य उपनिषदावरील भाष्यात आचार्यांनी इंद्रियांच्या द्वारे आत घेतलेले शब्दादी विषयही आहारात गणले आहेत. जो गृहस्थ चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करतो, त्याने रात्री अकरा वाजता डोळ्यांवाटे काय आत घेतो आहे, तेही पाहावे. काही जण एकादशीला फोनचाही उपवास करतात. कल्पना चांगली आहे. पण द्वादशीला दुप्पट पारणे होत असेल तर उपवास फुकट गेला. त्यापेक्षा रोजचे मोजमाप बरे. जेवताना नाही, देवघरात नाही, निजावयाच्या खोलीत नाही, एवढे तीन नेम पाळले तरी पुष्कळ झाले.

घरातील मुलांचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन प्रथम घरातच खरे ठरते. एका हातात जपमाळ व दुसऱ्या हातात फोन, अशा स्थितीत मुलाला ‘अभ्यासाला बस, तो फोन ठेव’ म्हणून सांगणाऱ्या वडिलांचे शब्द भिंतीला लागून परत येतात. मुले जपमाळेकडे पाहत नाहीत, दुसऱ्या हाताकडे पाहतात.

आता एक शंका उरते, आणि ती खरोखरीची शंका आहे. एका गृहस्थांनी विचारले की, त्यांचे वडील परगावी आजारी असतात, धाकटा भाऊ त्यांच्यापाशी असतो, आणि केव्हा फोन येईल याचा नेम नसतो. अशा वेळी पहाटे फोन दूर ठेवून डोळे मिटून बसणे हा धर्म की अधर्म? जो पुत्र वडिलांच्या हाकेला ओ देत नाही, त्याच्या ध्यानाला ईश्वर काय म्हणेल?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वडिलांची सेवा हा पुत्राचा स्वधर्म आहे, आणि स्वधर्माच्या आड येणारे ध्यान गीतेला मान्य नाही. युद्धभूमीवरून उठून वनात जाऊ पाहणाऱ्या अर्जुनाला भगवंतांनी परत युद्धालाच लावले. पण स्वधर्माची हाक आणि सवयीची हाक या दोन्ही एकाच घंटेने वाजतात, ही खरी अडचण आहे. त्या वेगळ्या करण्याची सोय आजच्या फोनमध्ये आहे. निवडलेल्या एकदोन क्रमांकांचीच घंटा वाजावी आणि बाकी सर्व मौन राहावे, अशी योजना त्यात करता येते. भावाचा क्रमांक तसा ठेवावा, आणि फोन शेजारच्या खोलीत, घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवावा. मग बसावे. इतर शंभर संदेशांसाठी वडिलांच्या आजाराची सबब पुढे करू नये. मन ती सबब मोठ्या चतुराईने पुढे करते, हे त्या गृहस्थांनाही मी लिहून कळविले आहे.

आणि ध्यान चालू असताना भावाचा फोन आलाच, तर ताबडतोब उठावे. नाम अपुरे राहिले, आसन मोडले, याची रुखरुख धरू नये. तो काय सांगतो ते पूर्ण ऐकावे, औषध सांगावयाचे असेल तर सांगावे, गाडी पकडावयाची असेल तर पकडावी. बोलणे झाल्यावर, हाती आलाच आहे म्हणून दुसरे काही पाहत न बसता, फोन होता तेथे ठेवावा. वेळ उरला असेल तर पुन्हा आसनावर बसावे. नसेल तर संध्याकाळी दिवा लावल्यानंतर बसावे.